आगमनकाळ: गव्हाणी रिकामी ठेवण्याचे चार आठवडे

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की वसईच्या गावांतून माळ्यावरचे खोके खाली उतरतात, चांदणीसाठी बांबूच्या कामट्या तासल्या जातात आणि वाण्याच्या यादीत मैदा, साखर, नारळ यांची मापे वाढतात. त्याच आठवड्याच्या रविवारी चर्चमध्ये पाऊल ठेवणाऱ्याला मात्र निराळे दृश्य दिसते. वेदीवर जांभळे वस्त्र असते, फुले मोजकीच असतात, ‘ग्लोरिया’ हे महिमागीत गायले जात नाही आणि शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधील येशूचरित्राच्या, वाचनात बाळ येशू, मेंढपाळ किंवा तारा यांचा उल्लेखही नसतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी मिस्सा (चर्चमधील उपासनाविधी) संपवून घरी येताना आमच्या धाकट्या मुलाने विचारले, "नाताळ जवळ आला ना, मग फादर जगाच्या शेवटाबद्दल का बोलत होते?" मला त्या वेळी धड उत्तर देता आले नाही. पुढे वाचून, धर्मगुरूंना विचारून आणि घरात करून पाहून जे समजले, ते येथे मांडतो, कारण आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या या चार रविवारांच्या काळाचा, सगळा अर्थ त्या प्रश्नातच दडलेला आहे.

ज्याला आपण आगमनकाळ म्हणतो त्याचे लॅटिन नाव ‘आदवेंतुस’ असे आहे आणि त्याचा अर्थही आगमन असाच आहे. रोमन साम्राज्यात सम्राट एखाद्या नगरात येत असे, त्या समारंभपूर्वक प्रवेशालाही हाच शब्द वापरला जाई. नव्या कराराच्या (बायबलच्या दुसऱ्या भागाच्या) मूळ ग्रीक भाषेत ख्रिस्ताच्या पुन्हा येण्यासाठी ‘पारुसिया’ हा शब्द येतो आणि लॅटिन बायबलमध्ये त्यासाठी अनेकदा ‘आदवेंतुस’ हाच प्रतिशब्द योजलेला आहे. म्हणजे या काळाच्या नावातच दोन आगमने एकत्र नांदतात: बेथलेहेमात एकदा झालेले आणि काळाच्या शेवटी व्हायचे असलेले. बाराव्या शतकातील क्लेर्व्होचे संत बर्नार्ड यांनी या दोहोंच्या मधोमध तिसरे आगमन सांगितले. पहिल्या वेळी प्रभू देह धारण करून दुबळेपणात आला, शेवटी तो गौरवात येईल, आणि या दोहोंच्या दरम्यान तो रोज, कोणाला न दिसता, माणसाच्या अंतःकरणात येत असतो. पहिले आगमन इतिहासात घडून गेले आहे आणि शेवटचे आपल्या हाती नाही. कुटुंबाने तयारी करायची ती या मधल्या आगमनाची. मुलाच्या प्रश्नाला मी आता हेच उत्तर देतो की चर्च आपल्याला फक्त वाढदिवसाची तयारी करायला सांगत नाही; जो एकदा आला आणि जो पुन्हा येणार आहे, त्याला आज दार उघडायला सांगते.

तारखेचा हिशेब सोपा आहे. ३० नोव्हेंबर हा संत आंद्रिया यांचा सण. त्याच्या सर्वांत जवळचा रविवार म्हणजे आगमनकाळाचा पहिला रविवार. त्यामुळे तो २७ नोव्हेंबरच्या आधी येत नाही आणि ३ डिसेंबरच्या पुढे जात नाही. २०२५ साली तो ३० नोव्हेंबरला आला, २०२६ साली २९ नोव्हेंबरला आणि २०२७ साली २८ नोव्हेंबरला येतो. रविवार नेहमी चारच असले तरी दिवस मात्र २२ ते २८ असे कमीजास्त होतात. पाश्चात्त्य चर्चचे उपासनावर्ष याच दिवशी सुरू होते, म्हणजे १ जानेवारीच्या महिनाभर आधीच ख्रिस्ती माणसाचे नवे वर्ष लागलेले असते. मराठी प्रोटेस्टंट बांधवांना या दिवसाची आणखी एक आठवण आहे: वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली तो २९ नोव्हेंबर १९७० हा दिवस आगमनकाळाचा पहिला रविवारच होता.

आता चार रविवारांकडे वळू. कॅथलिक चर्चमध्ये रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. एका वर्षी प्रामुख्याने मत्तयाचे शुभवर्तमान वाचले जाते, दुसऱ्या वर्षी मार्काचे आणि तिसऱ्या वर्षी लूकाचे. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्याही याच्याशी मिळतेजुळते चक्र पाळतात. २०२६ च्या आगमनकाळापासून मार्काचे वर्ष लागते. वर्ष कोणतेही असो, पहिल्या रविवारचा सूर ‘जागे राहा’ हाच असतो. मत्तयाच्या वर्षी नोहाच्या काळातील माणसे डोळ्यांसमोर येतात. ती खातपीत होती, लग्ने करीत होती आणि पूर येईपर्यंत त्यांना कशाची दादच नव्हती. मार्काच्या वर्षी परदेशी गेलेला घरधनी आणि दारावर ठेवलेला पहारेकरी येतो. मुलांना समजावण्यासाठी मला हा दृष्टांत सर्वांत जवळचा वाटतो, कारण रात्री उशिरा येणाऱ्या माणसासाठी ओट्यावरचा दिवा चालू ठेवणे आणि कडी न लावणे ही आमच्या गावांतील नेहमीची गोष्ट आहे. जागे राहणे म्हणजे घाबरून बसणे नव्हे. ज्याच्यावर प्रेम आहे तो येईपर्यंत दिवा न मालवणे होय.

दुसरा रविवार योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचा आहे. यशया संदेष्ट्याचे शब्द त्याच्या तोंडी येतात: प्रभूचा मार्ग सिद्ध करा, त्याच्या वाटा नीट करा. तिसऱ्या रविवारीही योहान पुन्हा भेटतो आणि मत्तयाच्या वर्षी तर तो तुरुंगात असतो. ज्याने यरदेन नदीच्या काठी ख्रिस्ताकडे बोट दाखवले, तोच कोठडीतून शिष्यांना पाठवून विचारतो की येणारा तो तुम्हीच, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी? या प्रश्नावरून घाईघाईने पुढे जाऊ नये असे मला वाटते. ज्या घरात आजारपण आहे, ज्यांच्या मुलाला बरेच महिने काम मिळालेले नाही, ज्यांच्या घरी यंदा एक खुर्ची रिकामी झाली आहे, त्या घरांना नाताळचा गजबजाट सोसत नाही. त्यांच्यासाठी चर्चने ‘आनंदाचा रविवार’ म्हणवल्या जाणाऱ्या या तिसऱ्या रविवारीच एका थकलेल्या संदेष्ट्याचा संशय वाचायला ठेवला आहे. येशू त्याला रागावत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, एवढेच उत्तर तो पाठवतो. चौथ्या रविवारी आपण पहिल्यांदा नाझरेथच्या घरात पोहोचतो: एका वर्षी योसेफाचे स्वप्न, दुसऱ्या वर्षी गब्रीएल दूताने मरियेला दिलेला येशूजन्माचा निरोप आणि तिसऱ्या वर्षी मरियेने डोंगराळ प्रदेशात जाऊन घेतलेली आपल्या नात्यातील अलिशिबेची भेट.

चार रविवारांच्या या क्रमातच एक युक्ती आहे. आपण इतिहास आरंभापासून शेवटाकडे वाचतो. आगमनकाळ तो शेवटाकडून आरंभाकडे वाचतो. आधी सगळ्याचा शेवट, मग हाक मारणारा संदेष्टा आणि अखेरीस एका तरुणीच्या होकाराची घटका. मुलांना हा क्रम एकदा दाखवून दिला की जांभळ्या रंगाचे कोडेही उलगडते. जांभळा हा तयारीचा आणि पश्चात्तापाचा रंग आहे. महिमागीत थांबवतात ते दुःखासाठी नव्हे, तर ते गीत प्रथम देवदूतांनी ज्या रात्री गायले त्या रात्रीसाठी राखून ठेवलेले असते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात ‘आल्लेलुया’ हा स्तुतिघोषही थांबतो, आगमनकाळात मात्र तो चालू राहतो. या एका फरकावरून दोन्ही काळांची प्रकृती वेगळी आहे हे कळते. तिसऱ्या रविवारी धर्मगुरू गुलाबी झगा घालू शकतात. त्या रविवारचे लॅटिन नाव ‘गाउदेते’, म्हणजे ‘आनंद करा’. फिलिप्पैकरांस पाठवलेल्या पत्रातील ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ या वचनावरून ते पडले. अर्धी वाट सरली, पहाटेची लाली दिसू लागली, असा त्या गुलाबी रंगाचा भाव आहे.

इतिहासाविषयी थोडक्यात सांगायचे तर हा काळ एका दिवसात ठरला नाही. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील तूर नगरचे बिशप पेर्पेतुउस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिन यांच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास सांगितला होता, आणि रोममध्ये पुढे तो चार रविवारांचा झाला. मिलान शहराची जुनी उपासनापद्धती आजही सहा आठवडे पाळते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च १५ नोव्हेंबरपासून ४० दिवसांचा उपवास करतात आणि केरळातील सिरियन परंपरेच्या चर्चमध्ये २५ दिवसांचा ‘नोंबू’ असतो. रोमन कॅथलिकांना आज आगमनकाळात उपवासाचे बंधन नाही. पण मूळ ओढ संयमाकडे होती हे लक्षात ठेवले, तर पूर्वी या काळात थाटामाटाचे विवाह का लावत नसत ते समजते.

मराठी वाचकाला आपल्याच भाषेतील एक मोठा आधार येथे आठवावासा वाटतो. इंग्लंडमधून गोव्यात आलेले येशूसंघीय (जेझुइट) फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या काव्याचे दोन भाग आहेत. दुसऱ्या भागात येशूचे चरित्र आहे. पहिला भाग आदामापासून संदेष्ट्यांपर्यंत जुन्या कराराची कथा सांगतो. म्हणजे ज्याची वाट पाहिली जात आहे तो येण्याआधी कवीने हजारो ओव्या नुसत्या वाट पाहण्यासाठी खर्च केल्या. श्रोत्यांनी सरळ गव्हाणीपाशी उडी मारू नये, तहान लागल्यावर मग पाणी प्यावे, ही त्यामागची समज आहे. घरात आगमनकाळ पाळताना मी हीच समज धरून ठेवतो.

घरातील तयारीचे केंद्र म्हणजे आगमनचक्र, हिरव्या पानांच्या वर्तुळात लावलेल्या चार मेणबत्त्या. ही प्रथा जर्मनीतील हाम्बुर्ग येथून आली. योहान हिन्‍रिख व्हिखर्न हे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक तेथे गरीब व निराधार मुलांसाठी वसतिगृह चालवीत. नाताळला किती दिवस उरले हे मुले सारखी विचारीत, म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या एका जुन्या लाकडी चाकावर रोजच्या दिवसांसाठी लहान तांबड्या आणि रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. पुढे रोजच्या मेणबत्त्या गळून चार रविवारांच्या उरल्या, आणि विसाव्या शतकात कॅथलिक चर्चनेही ही प्रथा आपलीशी केली. वाट पाहणे मुलांना डोळ्यांनी दिसावे म्हणून एका शिक्षकाने केलेली ही सोय आहे, हे कळल्यावर मला ती अधिकच जवळची वाटू लागली.

आपल्याकडे फर किंवा स्प्रूसच्या फांद्या नाहीत आणि त्यांची गरजही नाही. आमच्या किनाऱ्यावर सुरूची झाडे आहेत. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मुले गळून पडलेल्या हिरव्या डहाळ्या वेचून आणतात. आम्ही पितळी परातीत चार बोटे वाळू पसरतो, तिच्यात समान अंतरावर मेणबत्त्या घट्ट रोवतो आणि डहाळ्या परातीच्या काठाने गोल गुंफत जातो. सुरूची पाने सुईसारखी असल्यामुळे ती वाळली तरी वर्तुळाचा आकार मोडत नाही. पण दुसऱ्या आठवड्यानंतर ती खडखडीत होतात आणि चटकन पेट घेतात, म्हणून डहाळ्या ज्योतीपासून वीतभर दूर ठेवाव्यात आणि दर शनिवारी बदलाव्यात. वाळूचा उपयोग येथेही होतो, कारण मेणबत्ती कलंडली तरी वाळूत विझते. जांभळ्या मेणबत्त्या दर वर्षी मिळतातच असे नाही. तशा वेळी तीन पांढऱ्या मेणबत्त्यांच्या बुडाशी जांभळी आणि उरलेल्या एकीच्या, म्हणजे तिसऱ्या रविवारच्या मेणबत्तीच्या, बुडाशी गुलाबी फीत बांधली तरी अर्थ तोच राहतो. काही घरांत मधोमध पाचवी, पांढरी मेणबत्ती असते. ती ख्रिस्ताची आणि ती नाताळच्या रात्रीच पेटवायची.

मेणबत्त्यांना काही मंडळ्यांत आशा, शांती, आनंद आणि प्रीती अशी नावे देतात, तर काही ठिकाणी संदेष्टे, बेथलेहेम, मेंढपाळ आणि देवदूत अशी. यांपैकी कोणतीही नावे घ्यावीत, त्यासाठी वाद घालू नये. नेम मात्र एक असावा. आमच्या घरी शनिवारी रात्री जेवणाआधी दिवे मालवतात, कारण उपासनेचा रविवार शनिवारच्या सायंकाळपासूनच सुरू होतो. घरातील सर्वांत लहान मूल पहिली मेणबत्ती पेटवते, थोरली मुलगी त्या रविवारचे शुभवर्तमान वाचते, आजी एक मागणी (छोटी प्रार्थना) म्हणते आणि मग आम्ही दोन मिनिटे गप्प बसतो. सगळे मिळून दहा मिनिटांच्या वर जात नाही. पहिल्या वर्षी आम्ही पाऊण तासाची प्रार्थना आखली होती, आणि दुसऱ्याच आठवड्यात ती बंद पडली. लहान मुले असलेल्या घराने थोडके ठरवावे आणि ते न चुकवता करावे, असा माझा अनुभव आहे. किशोरवयीन मुले ओढून आणलेल्या प्रार्थनेला कंटाळतात; त्यांच्याकडे वाचनाची निवड किंवा गीताची जबाबदारी सोपवली की ती आपण होऊन येऊन बसतात.

आमच्या भागातील कितीतरी घरांतून कोणी ना कोणी आखातात नोकरीला आहे. तिकडे शुक्रवार हा सुट्टीचा दिवस असलेल्या देशांत रविवारची उपासना शुक्रवारीच करण्याची सोय असते. एका नातेवाइकाच्या घरी त्यामुळे मेणबत्ती शुक्रवारी पेटते आणि इकडच्या घरी शनिवारी. दोन्ही घरांनी एकच वाचन ठरवून घ्यावे, आणि फोनवर चेहरे दिसत असताना दोन्हीकडच्या आज्यांनी मागणी म्हणावी. परगावी असलेल्या माणसाला नाताळच्या सुट्टीपेक्षा या चार भेटींची ओढ अधिक लागते, हे मी पाहिले आहे.

आता गव्हाणीविषयी, कारण माझ्या मते घरातील आगमनकाळ तेथेच टिकतो किंवा मोडतो. येशूजन्माचा देखावा जिवंत रूपात उभा करण्याचे श्रेय संत फ्रान्सिस ऑफ असिसी यांच्याकडे जाते. त्यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्यो गावी नाताळच्या रात्री खरा बैल, खरे गाढव आणि गवताने भरलेली खरी गव्हाण आणवली होती. आपल्याकडे हा गोठा पंधरा दिवस आधीपासून बांधायला घेतात आणि त्यात काहीच गैर नाही. गोठा बांधावा, डोंगर करावेत, विहीर खणावी, मेंढपाळ दूर उभे करावेत, मागी राजे (ताऱ्यामागून बाळाला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) तर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या कपाटावर ठेवावेत आणि रोज थोडे पुढे सरकवावेत. फक्त गव्हाण रिकामी असावी. एका वर्षी आम्ही हौसेने १ डिसेंबरलाच सगळे मांडून टाकले, बाळ येशूही ठेवला आणि रोषणाईही केली. २० तारखेपर्यंत बाळाच्या मूर्तीवर धूळ बसली होती आणि नाताळच्या रात्री मुलांनी गोठ्याकडे वळूनही पाहिले नाही. त्यानंतर आम्ही मूर्ती कापसात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवू लागलो. बाळ कुठे आहे हे मुलांना ठाऊक असते आणि ती रोज त्या खणाकडे पाहतात.

रिकाम्या गव्हाणीशेजारी आम्ही भाताच्या पेंढ्याची एक लहान जुडी ठेवतो. दिवसभरात कोणाचे काम न सांगता केले, भांडण आधी मिटवले, आपली वस्तू दुसऱ्याला दिली, तर रात्री जुडीतली एक काडी ओढून गव्हाणीत टाकायची. काडी कोणी आणि कशासाठी टाकली हे विचारायचे नाही. ही प्रथा युरोपातील अनेक ख्रिस्ती घरांत आहे, पण भातशेतीच्या मुलखात ती जितकी सहज रुजते तितकी दुसरीकडे रुजत असेल असे वाटत नाही. बाळाला टोचू नये म्हणून गव्हाणीत पुरेसा पेंढा हवा, हे लहान मुलाला समजावून सांगावे लागत नाही. मोठ्यांनीही काड्या टाकाव्यात. एका रात्री आजोबांनी उठून, बराच वेळ काडी हातात धरून, मग ती गव्हाणीत ठेवली. त्यांचे आणि त्यांच्या भावाचे पुष्कळ वर्षांचे अबोलपण त्या दिवशी सुटले होते, हे आम्हाला नंतर कळले.

गोठ्याभोवतीचे हिरवे शेत १० ते १२ डिसेंबरच्या सुमारास पेरावे. नाचणी किंवा गहू एक रात्र भिजवून, पसरट ताटलीत माती घालून वर दाट टाकायचा, ओल्या फडक्याने झाकायचा आणि कोंब दिसू लागले की उजेडात आणायचा. लेबनॉनमध्ये आणि फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात ४ डिसेंबरला, संत बार्बरा यांच्या सणाला, असेच गहू पेरतात. पाणी घालण्याचे काम एकाच मुलाकडे द्यावे, नाहीतर चौघांचे पाणी पिऊन रोपे कुजतात.

१७ डिसेंबरपासून काळाचा सूर बदलतो. पहिल्या भागात नजर शेवटाकडे होती; आता उपासना थेट जन्माकडे वळते. १७ ते २३ या सात दिवसांच्या सायंप्रार्थनेत ख्रिस्ताला सात नावांनी हाक मारली जाते: हे ज्ञाना, हे प्रभू, हे इशायाच्या धुमाऱ्या, हे दाविदाच्या किल्ली, हे उदयतेजा, हे राष्ट्रांच्या राजा आणि हे इम्मानुएल. लॅटिनमध्ये या नावांची आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावली तर ‘एरो क्रास’ असे शब्द होतात आणि त्यांचा अर्थ ‘उद्या मी असेन’ असा होतो. सात दिवस माणसे हाक मारतात आणि २३ तारखेला हाकेतूनच उत्तर बाहेर येते. ही सात नावे कागदाच्या सात पट्ट्यांवर लिहून रोज एक दारावर लावण्याइतके सोपे काम दुसरे नाही, आणि ‘किल्ली’ किंवा ‘धुमारा’ अशा नावांवरून मुले बायबलमध्ये शोध घेऊ लागतात. इशाय हा दाविदाचा बाप. त्याच्या तोडलेल्या बुंध्याला धुमारा फुटेल असे यशया सांगतो. आमच्या वाडीत पावसाळ्याआधी छाटलेल्या झाडाचा खुंट दाखवून मी हे वचन समजावले होते.

याच आठवड्यात धर्मग्रामात (एका चर्चच्या कक्षेत) पापनिवेदनासाठी, म्हणजे पापे सांगून क्षमा मागायला येणाऱ्यांसाठी, अनेक धर्मगुरू एकत्र बसतात. गोव्यात त्याला ‘कुमसार’ म्हणतात. शेवटच्या दिवसाची रांग टाळण्यासाठी नव्हे, तर नाताळच्या आधी चार दिवस मोकळ्या मनाने जगता यावे म्हणून हे लवकर करावे. कुटुंबाने आदल्या संध्याकाळी एकमेकांची क्षमा मागितली तर पापनिवेदन नुसते उरकणे राहत नाही. आईवडिलांनी मुलांची क्षमा मागणे हे यातील सर्वांत कठीण आणि सर्वांत फळ देणारे काम आहे.

खर्चाबाबत मला स्पष्ट बोलायचे आहे. चांदण्या, कपडे, केक आणि भेटवस्तू यांच्यासाठी कर्ज काढणारी घरे मी पाहिली आहेत, आणि ज्याचा जन्म गोठ्यात झाला त्याच्या नावाने ते घडते याचे वाईट वाटते. पहिल्याच रविवारी सगळ्यांनी बसून नाताळचा खर्च कागदावर मांडावा आणि त्यातला एक भाग घराबाहेरच्या कोणासाठी काढून ठेवावा. तो आकडा मुलांसमोर ठरावा. फराळाचे म्हणाल तर तो करण्यात आगमनकाळाचा भंग मुळीच होत नाही, उलट एकत्र बसून करण्याचे ते काम प्रार्थनेच्या फार जवळचे आहे. कलकल हा नाताळचा गोड पदार्थ वळताना पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून पसरायची आणि अंगठ्याने कडेकडेने गुंडाळत आणायची, म्हणजे तिच्यावर शिंपल्यासारख्या रेघा उठतात. दोन-तीन शेरांचे कलकल वळायला अख्खी दुपार जाते, आणि त्या दुपारी चार पिढ्या एका चटईवर असतात. डबा भरून ठेवायचा आणि नाताळपर्यंत उघडायचा नाही, हाही एक लहानसा उपवासच आहे. शेजारच्या हिंदू आणि मुसलमान घरांची ताटे आधी भरावीत, मग आपली.

महिन्याच्या वाटेत दोन सण येतात: ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांचा, ज्यासाठी जुन्या गोव्यात आधीचे नऊ दिवस नोव्हेना चालते, आणि ८ डिसेंबरला निष्कलंक मरियेचा. ही आगमनकाळाच्या प्रवासातील विसाव्याची ठिकाणे समजावीत.

शेवटच्या दिवसाविषयी एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. २५ डिसेंबर सोमवारी आला की आगमनकाळ २२ दिवसांचा होतो आणि चौथा रविवार २४ तारखेलाच पडतो. २०२३ साली तसे झाले आणि २०२८ साली पुन्हा होणार आहे. त्या दिवशी सकाळची मिस्सा चौथ्या रविवारची असते आणि रात्रीची नाताळची. एकीने दुसरीची भरपाई होत नाही, दोन्हींना जावे लागते. चौथी मेणबत्ती आदल्या दिवशी सायंकाळीच पेटवावी, नाहीतर तिच्या वाट्याला एक दिवससुद्धा येत नाही.

२४ तारखेच्या सायंप्रार्थनेबरोबर आगमनकाळ संपतो. मध्यरात्रीच्या मिस्सेहून परतल्यावर आमच्या घरी दिवे न लावता मधली पांढरी मेणबत्ती पेटवतात. धाकटा वरच्या खणातून कापूस काढतो, बाळाला पेंढ्यावर ठेवतो, आणि मग चांदणीचे बटण दाबले जाते. नाताळकाळ येथून सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. म्हणून २६ तारखेला गोठा आवरू नये. मागी राजे अजून कपाटावरून निघून टेबलापर्यंतच आलेले असतात आणि त्यांना पोहोचायला जानेवारी उजाडतो. तोवर नाचणी वीतभर वाढून एका बाजूला झुकलेली असते. गोठा उतरवतो त्या सकाळी मुले ती ताटली उचलून शेजारच्या शेळीपुढे नेऊन ठेवतात.